नव्या गाईडला: आधी झाडं शिक

बाबू, बिल्ला मिळाला, छान झालं. पण पर्यटकाला वाघाचा शब्द देत बसू नको. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि इथलं जंगल कोरडं पानझडी: साग, बांबू, ऐन, धावडा, तेंदू, मोह. ओळख सालीवरून सुरू कर, उन्हाळ्यात पानं सापडणार नाहीत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी तडकलेली. अर्जुन त्याच कुळातला, पण गुळगुळीत, पांढुरका, आणि बहुधा नाल्याकाठी. काही जुने गाईडही साग सोडून बाकी सगळ्याला ‘जंगली झाड’ म्हणतात, त्यांचं ऐकू नको.

मोहाकडे जास्त लक्ष दे. मार्च-एप्रिलात फुलं पहाटे गळतात, ती खायला अस्वल येतं. जिप्सी लांबच थांबव. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, त्याच वेळी आपल्या आयाबाया फुलं वेचत असतात. वाघाच्या पंजाचे ताजे ठसे दिसले तर आधी त्यांना सांग, मग पर्यटकांना.

पक्षी ओळखणं हळूहळू येईल. जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, बंद असतं, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांसोबत बांधाबांधानं फिर आणि झाडांची गोंडी नावं वहीत लिहून घे.