केपी सोड, ढग बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

“तिन्ही रात्री केपी दोनच दाखवतोय, ट्रॉम्सोचं बुकिंग रद्द करू का?” हा तुझा मेसेज चारदा वाचला आणि चारही वेळा चिडलो. ध्रुवप्रकाश बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला निघाली आहेस ना, मग रद्द करायचं नाही. तू नको तो आकडा धरून बसली आहेस.

केपी म्हणजे अख्ख्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा तीन तासांचा हिशेब, शून्य ते नऊ. तो चढला की ध्रुवाभोवतीचं ध्रुवप्रकाशाचं कडं दक्षिणेकडे पसरतं. मे २०२४ मध्ये तो नऊला गेला आणि लडाखात हानलेच्या कॅमेऱ्यांनाही लाल झाक सापडली. तेव्हापासून जो तो केपी केपी करत सुटलाय. अगं, ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे, कडं डोक्यावरच असतं. तिथं दोन भरपूर झाला. पण हिरवा प्रकाश शंभर किलोमीटरच्या वर आणि ढग दहाच्या आत. मध्ये ढग आला तर नऊ केपी काय जाळायचाय?

म्हणून ढग बघ. ट्रॉम्सो समुद्रकाठी, म्हणजे आपलं गगनबावडा समज. बावड्यात धो धो कोसळत असताना शिरोळला नुसतं आभाळ भरून येतं, हे तुला सांगायला नको. तिथलं शिरोळ म्हणजे शिबोत्न. पश्चिमेचा ओला वारा ल्युंगनच्या डोंगरांवर रिकामा होतो आणि पलीकडे आभाळ उघडं सापडण्याची शक्यता वाढते. ट्रॉम्सोपासून अंतर सुमारे १२० किलोमीटर. तिथंही झाकोळ असेल तर आणखी पन्नासेक किलोमीटरवर फिनलंडमधलं किल्पिसयार्वी. भाड्याची गाडी सीमेपलीकडे चालते का, हे गाडी घेतानाच विचार. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या अंदाजात तिन्ही गावं शेजारी शेजारी ठेव आणि रात्री आठ ते एकचे ढग बघ. खालचा थर घातक. वरचा विरळ असेल तर त्यातूनही दिसतं.

आकड्याशिवाय करमतच नसेल तर बीझेड बघ, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण कल. तो ऋण होऊन टिकला की आशा धर. उपग्रह पंधरा लाख किलोमीटरवर हा सौरवारा मोजतो, तो आपल्यापर्यंत यायला साधारण अर्धा-एक तास लागतो. तेवढ्या वेळात गाडी उघड्या आभाळाखाली हवी. म्हणजे पुन्हा ढगच!

रस्त्याचं ऐक. तिकडं उजवीकडून चालवायचं, खाली बर्फ. टायर खिळ्यांचे आहेत का, हात लावून बघ. टाकी अर्धी झाली की भर. रेनडिअर आणि एल्क रात्री रस्त्यावर येतात. आभाळ हिरवं झालं म्हणून रस्त्याच्या कडेला ब्रेक मारायचा नाही, पार्किंगची जागा गाठायची आणि चमकतं जॅकेट घालूनच उतरायचं. हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असशील तर सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं नाही ना, ते आधी बघ. तो धूर आत शिरला तर जीव घेतो.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड, फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर, एफ २.८, आयएसओ १६००, पाच-सहा सेकंद. प्रकाश नाचायला लागला की वेळ कमी कर, नाहीतर प्रकाशाच्या पडद्याच्या चुण्या फोटोत पुसून जातात. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात. गाडीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांध, उबेत लेन्सवर पाणी धरतं. आणि डोळ्यांना सुरुवातीला ते नुसतं राखाडी ढगासारखं वाटेल, तेव्हा परत फिरू नकोस.

सगळे मला हेकट म्हणतात. म्हणोत. आकड्यांमागे मीही बरीच वर्षं घालवली, ती हळहळ आहे म्हणूनच हा सूर लागतो.

तिकडं दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. रोज त्या वेळी मला ढगांचा नकाशा पाठव. केपीचा पाठवलास तर उघडणार नाही.

तुझा,
काका
कोल्हापूर