पाय आखूड, आकृती कललेली

प्रश्न : जळगावला चित्रकलेच्या वर्गाला जातो. उभा माणूस काढला की डोके मोठे, पाय आखूड आणि आकृती पडेल असे वाटते. कुठे चुकते?

उत्तर : चेहऱ्यापासून सुरुवात केली की पायांपर्यंत येताना कागद संपतो. आधी माथा आणि टाच यांच्या खुणा करा. प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोकी उंच असतो. उंचीचा मध्य जांघेशी येतो, पोटावर नाही. गुडघा तिथून टाचेच्या साधारण निम्म्यावर. कागद मांडीवर आडवा ठेवू नका. त्याचा वरचा भाग लांब पडून लहान भासतो, म्हणून हात डोके मोठे काढतो. बोर्ड तिरपा उभा करा.

कलण्याचे कारण मात्र वजन. भार एकाच पायावर असेल, तर गळ्याखालच्या खळीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्याजवळ उतरतो. त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा खाली येतो. कंबर आणि खांदे यांच्या रेषा समांतर काढल्या की माणसाचा खांब होतो. दोऱ्याला किल्ली बांधून मॉडेलसमोर धरा, लगेच कळेल. अजिंठा तुम्हाला जवळच आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रातला त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वळलेली देहमुद्रा, याच नजरेने जरूर पाहा.

सरावाला आठवडी बाजारासारखी जागा नाही. 4बी पेन्सिलीने, खोडरबर न वापरता, एकेका मिनिटाची 20 रेखाटने करा. नऊवारीतली बाई काढताना आधी गुडघे कुठे आहेत ते ठरवा, निऱ्या नंतर.