वंशावळीच्या वर्गाला जाताय? आधी एक प्रश्न ठरवा

ग्रंथालयातल्या मोफत वर्गाला नाव घातलंत, छान केलंत. फक्त ‘मला सगळं घराणं शोधायचंय’ म्हणून जाऊ नका. एकच प्रश्न न्या: पणजीचं माहेरचं आडनाव काय, एवढाच. वर्गाआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत.

फॅमिलीसर्च या पूर्वजांच्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर खातं घरूनच उघडून ठेवा, पैसे पडत नाहीत. तिथल्या काही नोंदींवर कुलूप दिसतं. त्यातल्या बऱ्याच फॅमिलीसर्चशी संलग्न ग्रंथालयातल्या संगणकावर उघडतात. तुमचं ग्रंथालय संलग्न आहे का, पहिल्याच दिवशी विचारा. पेनड्राइव्ह न्या.

मी सुरुवातीला कुणाचा तरी आयता वंशवृक्ष जसाच्या तसा उचलला. सात-आठ महिन्यांनी तारखा जुळवायला बसलो, तर मुलगा जन्मला तेव्हा आई सहा वर्षांची! एकाच नावाच्या दोन बायकांची सरमिसळ झाली होती. तेव्हापासून प्रत्येक नोंदीपुढे ती कुठल्या दप्तरात, कितव्या पानावर मिळाली ते लिहितो. शोधूनही काही सापडलं नाही, तर तेसुद्धा लिहितो, नाहीतर तीच वही पुन्हा चाळत बसतो. वय आणि नावाचं स्पेलिंग मात्र फार मनावर घेऊ नका. लिहिणाऱ्याने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं.