महिला फुटबॉलचा दर्जा खरंच वाढलाय का, की नुसती जाहिरातबाजी आहे?

दर्जा खरंच वाढलाय. पण लोक त्याचा पुरावा म्हणून भरलेली स्टेडियम दाखवतात ते मला पटत नाही, कारण गर्दी काही आजची नाही. 1920 च्या डिसेंबरमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या बायकांच्या टीमची मॅच बघायला तब्बल 53,000 लोक आले होते! आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने क्लब्सना सांगून टाकलं की बायकांना मैदानं द्यायची नाहीत, ते जवळपास 50 वर्षं तसंच चाललं. त्यामुळे 2022 ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ स्टेडियमवर बायकांच्या मॅचला 91 हजारांच्या वर लोक आले तेव्हा 'आता लोकांना आवडायला लागलं' असं जो तो म्हणत होता, मला हसू येत होतं. आवडत आधीही होतं हो, बघायला मिळत नव्हतं.

नवीन काय असेल तर खेळाडूंना मिळालेला वेळ. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी दमलेल्या अंगाने प्रॅक्टिसला येणारी मुलगी 90 मिनिटं प्रेसिंग (बॉल हिसकावायला समोरच्यांवर सतत धावून जाणं) करणार कशी? इंग्लंडची टॉप लीग पूर्ण प्रोफेशनल झाली तीच मुळी 2018 मध्ये, म्हणजे अगदी कालपरवा.

सगळ्यात जास्त फरक गोलकीपिंगमध्ये दिसतो. पूर्वी लांबून मारलेला साधा उंच बॉलसुद्धा डोक्यावरून आत जायचा आणि लोक लगेच उंचीवर घसरायचे. उंचीचा भाग आहेच, नाही असं नाही, पण गोलकीपरसाठी वेगळा कोचच नसेल तर पोझिशन, पायांची हालचाल, पुढे कधी यायचं हे शिकवणार कोण? आता 2023 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या मेरी अर्प्सने अडवलेली पेनल्टी बघा, किंवा 2025 च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलच्या पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडच्याच हॅना हॅम्प्टनने अडवलेल्या दोन बघा (त्यातली एक चक्क स्पेनची स्टार ऐताना बोनमातीची).

दुसरं म्हणजे टीम्समधलं अंतर. 2019 मध्ये अमेरिकेने थायलंडला 13-0 ने धुतलं होतं. एकतर्फी मॅच आजही होतात, 2023 च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीने मोरोक्कोला 6-0 ने हरवलंच, पण गंमत अशी की त्या ग्रुपमधून पुढे गेली मोरोक्को आणि घरी गेली जर्मनी 😄 जमैकाला तर त्या वर्ल्ड कपच्या तयारीसाठी क्राउडफंडिंग करावं लागलं होतं, आणि त्यांनी फ्रान्स आणि ब्राझील दोघांनाही 0-0 वर रोखलं.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. मॅच वाढल्या तसा शरीरावरचा ताणही वाढला, आणि गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची दुखापत तशीही पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होते. स्पेनच्या आलेक्सिया पुतेयासची 2022 ची युरो त्यातच गेली, इंग्लंडची बेथ मीड आणि नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा यांचा 2023 चा वर्ल्ड कपही. पैसा येतोय तर तो आधी फिजिओ आणि रिसर्चवर जावा असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रान्सफरचे (खेळाडू विकत घेण्याच्या किमतीचे) रेकॉर्ड नंतर मोडा.

तुम्हाला स्वतः बघून ठरवायचं असेल तर हायलाइट्स नकोत, 2025 ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लब्सची स्पर्धा) फायनल पूर्ण बघा. आर्सेनलने बार्सिलोनाला 1-0 ने हरवलं, गोल एकच आहे पण बार्साला जागाच मिळू द्यायची नाही हे त्यांनी कसं जमवलं ते हायलाइट्समध्ये कळणार नाही.