वाचकांचे प्रश्न : कण्हेरीचा काढा आणि पेशीतला पंप

प्रश्न : ताई, माझ्या आईला आतड्याचा कर्करोग आहे. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. शेजारचे काका कण्हेरीची पाच पानं उकळून काढा द्या म्हणतात. त्यांच्या मोबाइलवर आलंय की कण्हेरीने कर्करोगाच्या पेशीतला सोडियमचा पंप बंद पडतो आणि पेशी मरते. तुम्ही याच पंपावर काम करता, म्हणून विचारते. हे खोटं आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : काढा देऊ नका. एक घोटही नको. दिला असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ला फोन करा आणि उरलेली पानं सोबत न्या.

आता तुमचा प्रश्न. पंपाबद्दलचं ते वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. पेशीच्या आवरणात बसलेलं हे प्रथिन दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे २ आत घेतं. डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ साली हे प्रथिन शोधलं, तेही कुर्लीच्या पायांतल्या नसा घेऊन. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन हे विष नेमकं याच पंपाला चिकटतं.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी ऊआबेन वापरत होते. आफ्रिकेत बाणांना लावायचं हे विष, कण्हेरीच्याच कुळातल्या झाडांचं. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीच्या तळाला चिकटून असतात, तव्यावर घावन पसरावा तशा. संध्याकाळी ऊआबेन घातलं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तर पेशी आखडून गोल झालेल्या, तळ सोडून तरंगणाऱ्या. मी हरखून गेले होते. सरांनी एवढंच सांगितलं, "आता हाच डोस उंदराच्या पेशींना दे." दिला. दुसऱ्या दिवशी त्या जशाच्या तशा, मजेत वाढताहेत.

उंदराच्या पंपात मोक्याच्या जागची दोन अमिनो आम्लं वेगळी आहेत. तेवढ्याने त्याला बंद पाडायला शेकडो पट जास्त विष लागतं. म्हणून माणसाची गाठ उंदरात वाढवून हे औषध दिलं की गाठ आटते आणि उंदीर पिंजऱ्यात धावत राहतो. वाचणाऱ्याला वाटतं, रामबाण सापडला. पण तुमच्या आईच्या गाठीतला पंप आणि तिच्या हृदयातला पंप, दोन्ही माणसाचेच. काढ्याला त्यातला फरक कळत नाही. हृदयाच्या स्नायूत सोडियम साचतं, त्यामागून कॅल्शियम वाढतं, ठोके चुकायला लागतात. पेशीत जायचं पोटॅशियम रक्तातच राहतं, ते वेगळंच संकट.

हृदयविकारावरची डिगॉक्सिनची गोळीही याच पंपावर चालते. ती ०.२५ मिलिग्रॅमची किंवा त्याहून लहान, आणि तरीही डॉक्टर रक्त तपासत राहतात. पाच पानांत विष किती, हे कोण मोजणार? झाडागणिक ते बदलतं, आणि उकळून जात नाही. अमेरिकेत कण्हेरीच्या अर्काच्या माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीत. त्यातून कर्करोगावरचं मान्यताप्राप्त औषध निघालेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केमोनेही ओकाऱ्या होतात, जुलाब होतात. कण्हेरीनेही तेच होतं. तुम्ही काढ्याचं बोलला नाहीत, तर डॉक्टर केमोचा त्रास समजून औषध देतील आणि खरं कारण हातचं निसटेल. काढा, चूर्ण, काहीही पोटात गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

काकांशी भांडू नका. त्यांना तुमच्या आईची काळजी आहे. पुढच्या केमोला बांबोळीच्या इस्पितळात सोबत याल का, असं विचारा. तिथे दिवसभर कुणीतरी जवळ बसायला लागतंच. कण्हेर तोडायचीही गरज नाही. आमच्या अंगणात आहे, फुलं देवाला जातात. पानं, फुलं हाताळली की हात तेवढे धुवायचे.

प्रश्न : कर्करोग आम्लात वाढतो, मग अल्कलाइन पाणी प्यायल्याने तो थांबेल का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : नाही. गाठीभोवतालचं आम्ल पेशी स्वतःच तयार करतात. साखर जाळून उरलेलं आम्ल त्या आपल्या आवरणातल्या वाहक प्रथिनांतून बाहेर ढकलतात. आमच्या बशीत पेशी ज्यात वाढवतो ते गुलाबी द्रावण दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं, ते याचमुळे. तुम्ही प्यायलेलं पाणी आधी जठरातल्या आम्लात पडतं, आणि रक्ताचा सामू फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. त्या महागड्या बाटलीने तो हलत नाही. साधं उकळून गार केलेलं पाणी प्या.