जुळ्या बहिणींपैकी एकीलाच कायमचा थकवा: लहानपणीचा मानसिक आघात कारणीभूत असेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही दोघी एकबीज जुळ्या. शाळेत असताना घरातला एक भीषण मृत्यू दोघींनी डोळ्यांदेखत पाहिला. आता तिशीत बहीण दोन वर्षांपासून थकव्याने अंथरुणाला खिळली आहे, तुम्ही मात्र ठणठणीत आहात. डॉक्टरांनी ‘मानसिक आहे’ म्हणून विषय मिटवला. आघातामुळेच झालं असेल, तर मग एकीलाच का?

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय संशोधनातली आकडेमोड हे माझं काम, आणि जुळ्यांवरचे अभ्यास त्यातला माझा आवडता भाग.

संबंध दिसतो, हे खरं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाकडे तेव्हा जुळ्यांची मोठी नोंदवही होती. तिच्यावरून 2012 मध्ये निघालेल्या एका निबंधात, ज्यांना आघातोत्तर तणावविकार (पीटीएसडी) झाल्याची नोंद होती त्यांच्यात क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे महिनोन्‌महिने न हटणाऱ्या थकव्याच्या आजाराचं प्रमाण इतरांच्या मानाने आठपटींहून जास्त निघालं. जोडीतल्या दोघांची आपसात तुलना केल्यावर हा संबंध सौम्य झाला, पण पुसला गेला नाही. म्हणजे सामाईक जनुकं आणि सामाईक घर यांच्यावर सगळं ढकलता येत नाही. अडचण एवढीच की दोन्ही गोष्टी लोकांना एकाच वेळी विचारलेल्या होत्या. आधी काय झालं, हे त्यातून कळत नाही. वर्षानुवर्षं आजारी असलेला माणूस, कोणी विश्वास ठेवत नाही म्हणूनही खचतोच की.

म्हणून मला स्वीडनचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. तिथे 1935 ते 1958 या काळात जन्मलेल्या 19 हजारांहून अधिक जुळ्यांना 1972-73 मध्ये ताणाबद्दल आणि स्वभावाबद्दल विचारलं होतं. थकव्याची चौकशी झाली ती थेट 1998 ते 2002 दरम्यान, फोनवरून. पंचवीसेक वर्षांचं अंतर असल्यामुळे ‘आजारी पडल्यावर जुनं दुःख जास्त आठवतं’ हा आक्षेप उरत नाही. पहिल्या हिशेबात भावनिक अस्थिरता आणि ताण, दोन्ही थकव्याशी जोडलेले दिसले, शक्यतेची गुणोत्तरं 1.72 आणि 1.64 (1 म्हणजे संबंध नाही). मग एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्या घेऊन, जनुकांचा वाटा वजा करून पाहिलं. स्वभावाचा संबंध नाहीसा झाला. ताणाचा मात्र वाढून 5.81 वर गेला!

याचा अर्थ मी असा लावते: हळवा स्वभाव आणि थकव्याची प्रवृत्ती या दोन्हींच्या मुळाशी काही समान जनुकं असावीत, पण ताणाचं स्वतःचं वेगळं वजन आहे. तरी 5.81 हा आकडा घट्ट धरून बसू नका. अशा विषम जोड्या थोड्याच मिळतात आणि थोड्या जोड्यांवरचा आकडा डळमळीत असतो, दिशा बघावी. शिवाय तिथे विचारला होता तो ताण. तुम्ही दोघींनी जे पाहिलं ते त्यापेक्षा फार निराळं आहे.

लहानपणच्या आघाताबद्दल थेट काम अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात झालं, 2009 मध्ये. ते जुळ्यांवर नव्हतं: 113 रुग्ण आणि 124 निरोगी माणसं. बालपणी आघात सोसलेल्यांत आजाराची शक्यता सुमारे सहापट दिसली. त्यातही, सकाळी उठल्यावर कॉर्टिसॉल हे संप्रेरक जसं वाढायला हवं तसं आघात सोसलेल्या रुग्णांत वाढत नव्हतं. आघाताचा इतिहास नसलेल्या रुग्णांत हा फरक नव्हता. एकाच नावाखाली निरनिराळ्या वाटांनी आलेले रुग्ण असावेत, असं मला यावरून वाटतं.

याच्या नेमका उलटा पुरावाही आहे, आणि तो डॉक्टरांनी वाचायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या डबो गावाच्या परिसरात ग्रंथीज्वर, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू या संसर्गांपैकी काही झालेल्या 253 जणांचा पाठपुरावा केला गेला. सहा महिन्यांनी सुमारे 11 टक्के लोक क्रॉनिक फटीगच्या व्याख्येत बसले. कोण बसणार, हे मुख्यतः मूळ तापाच्या तीव्रतेवरून ठरलं, मानसिक घटकांवरून नाही. (कोविडनंतर हे आता कोणाला नव्याने सांगावं लागू नये.) तेव्हा बहिणीचा थकवा सुरू झाला त्याच्या आधीच्या महिन्यांत तिला काही ताप, काही संसर्ग झाला होता का, आणि तुम्हाला झाला नव्हता का, हे आठवून पाहा.

‘एकीलाच का’ याचं उत्तर बरंचसं इथेच असू शकतं. एकबीज जुळ्यांचंही पुढचं आयुष्य एक नसतं. घटना एक असली तरी त्या रात्री आईजवळ कोण थांबलं, नंतर घर कोणी सांभाळलं, आजारपणं कोणाच्या वाट्याला आली, हे सगळं वेगळं. तुम्ही बरी आहात म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही, आणि तिला झालं म्हणून तुम्हाला होणारच असंही नाही.

‘मानसिक’ शिक्का घेऊन घरी बसू नका. आधी हिमोग्लोबिन, बी12, थायरॉइड, साखर आणि झोपेतला श्वास या गोष्टी तपासल्या गेल्यात ना, ते बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. इथे साधं कारण सुटणं परवडत नाही. सगळं नॉर्मल आलं तर एक प्रश्न विचारा: थोडं जास्त काम झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पार कोसळते का? कोसळत असेल तर ‘रोज थोडं थोडं चालणं वाढव’ हा सल्ला तिला महागात पडू शकतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. समुपदेशन त्या मृत्यूच्या आठवणींसाठी जरूर घ्या, हवं तर दोघी घ्या. फक्त त्याने थकवा जाईल अशी अट त्यावर घालू नका. आणि पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची वही न्या: कोणत्या दिवशी काय केलं, कधी कोसळली, सावरायला किती वेळ लागला. डॉक्टर ती वही बाजूला सारत असतील तर दुसरे फिजिशियन गाठा.