चिठ्ठी मिळाली, पण घर सापडेना

या वेळच्या प्रश्नांचं मूळ जवळजवळ एकच आहे. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या पोटात सुखाने चालणारा जावा कोड बाहेर काढून साध्या मेन मेथडमधून चालवला, की तो मेसेज क्यूपर्यंत, म्हणजे निरोपांच्या रांगेपर्यंत, पोचत नाही. मग सगळेजण ब्रोकर, म्हणजे क्यू सांभाळणारा सर्व्हर, रीस्टार्ट करत बसतात. बहुतेक वेळा ब्रोकर ठणठणीत असतो.

प्रश्न : क्यूवर मेसेज टाकणारा आमचा क्लास सर्व्हरमध्ये वर्षभर बिनतक्रार चालतोय. तोच रात्रीच्या बॅचसाठी मेन मेथडमधून चालवला तर ‘नोइनिशियलकॉन्टेक्स्टएक्सेप्शन’ येतं. कोडची एक ओळसुद्धा बदललेली नाही.

कोड तोच आहे, पण त्याच्या भोवतीचं घर गेलं. जेएनडीआय म्हणजे नाव सांगून वस्तू मागायची सोय. ते नाव कुणाला, म्हणजे नावांची नोंद ठेवणाऱ्या कुठल्या डिरेक्टरीला विचारायचं, हे सर्व्हरमध्ये आधीच ठरलेलं असतं. बाहेर ते तुम्हालाच सांगावं लागतं. निदान दोन गोष्टी द्यायच्या : ‘जावा.नेमिंग.फॅक्टरी.इनिशियल’मध्ये डिरेक्टरीशी बोलणाऱ्या क्लासचं पूर्ण नाव, आणि ‘जावा.नेमिंग.प्रोव्हायडर.यूआरएल’मध्ये त्या डिरेक्टरीचा पत्ता.

एक गंमत लक्षात घ्या. रिकाम्या कंसाने इनिशियलकॉन्टेक्स्ट तयार केला तर त्या ओळीवर काहीच होत नाही, एक्सेप्शन येतं ते खालच्या लुकअपच्या, म्हणजे नाव विचारण्याच्या, ओळीवर. त्यामुळे माणूस क्यूचं नाव तपासत बसतो.

या दोन्ही गोष्टी क्लासपाथवरच्या ‘जेएनडीआय.प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये ठेवता येतात. मी मात्र त्या हॅशटेबलमध्ये भरून कन्स्ट्रक्टरला देतो. सगळ्या जार एकत्र कोंबून एक मोठी जार केली, की दुसऱ्या कुणाची तरी त्याच नावाची फाइल आत निघते आणि आपली बाजूला पडते. कन्स्ट्रक्टरला दिलेलं मूल्य या सगळ्यांवर भारी पडतं. आणि हो, ‘जावा:कॉम्प/एन्व्ह’ने सुरू होणारी नावं बाहेर विसरा. ती सर्व्हरने आपल्या आतल्या माणसांसाठी ठेवलेली टोपणनावं आहेत.

प्रश्न : वाइल्डफ्लाय सर्व्हर एका मशीनवर, क्लायंट माझ्या लॅपटॉपवर. लुकअप नीट होतो, कनेक्शन फॅक्टरी हातात येते. पण क्रिएटकनेक्शन बराच वेळ अडकून शेवटी फेल होतं. पोर्ट उघडं आहे, कारण लुकअप त्याच पोर्टवरून झाला. मग अडतंय कुठे?

फार चांगला प्रश्न. याच जागी मी स्वतः एकदा दीड दिवस घालवला आहे.

लुकअप आणि कनेक्शन या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत तुम्ही डिरेक्टरीकडे जाता आणि ती तुम्हाला पत्त्याची चिठ्ठी देते. फॅक्टरी म्हणजे ती चिठ्ठी. दुसऱ्या फेरीत चिठ्ठीतल्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं असतं. तुम्ही कुठल्या पत्त्यावरून चिठ्ठी आणली याच्याशी तिच्यातल्या मजकुराचा काही संबंध नाही. आणि तो मजकूर सर्व्हरने त्याच्या बाजूने लिहिलेला असतो.

त्यात ‘लोकलहोस्ट’ असेल तर संपलंच. ‘इथेच ये’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी ज्याच्या हातात पडेल, तो आपल्याच घराचं दार वाजवत बसणार. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकत असेल तर तो पत्ता बाहेर द्यायचा नसतो, म्हणून सर्व्हर त्याऐवजी मशीनचं नाव घालतो आणि लॉगमध्ये तशी एक वॉर्निंग टाकतो, जी कुणी वाचत नाही. सर्व्हर डॉकरमध्ये असेल तर हे मशीनचं नाव म्हणजे कंटेनरच्या आयडीचे बारा अक्षर-आकडे. तुमच्या लॅपटॉपला ते काय कळणार?

तपासायला एक ओळ पुरते. लुकअपनंतर फॅक्टरी सरळ सिस्टीम.आउटवर छापा. त्या लांबलचक मजकुरात ‘होस्ट’ आणि ‘पोर्ट’ हे शब्द शोधा. एका कंपनीत मला तिथे कुणाच्या तरी जुन्या टेस्ट मशीनचं नाव दिसलं होतं. सेटिंग दोन वर्षांपूर्वी कॉपी-पेस्ट झालेलं. आम्ही तोवर नेटवर्कवाल्यांशी तीन मीटिंगा करून बसलो होतो.

इलाज सर्व्हरच्या बाजूला आहे : मेसेजिंगच्या कनेक्टरला जे सॉकेट बाइंडिंग (पत्ता-पोर्टची नोंद) जोडलंय, तिथे बाहेरून सापडेल असा पत्ता द्यायचा. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव घालून आजचा दिवस निभावतो, पण तो जुगाड झाला.

वाइल्डफ्लायपुरतं आणखी थोडं. बाहेरच्यांना फक्त ‘जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड’खाली बांधलेली नावं दिसतात, आणि मागताना तो पुढचा भाग गाळायचा. म्हणजे नुसतं ‘जेएमएस/रिमोटकनेक्शनफॅक्टरी’. युझरनेम-पासवर्डही दोन ठिकाणी लागतात : एकदा कॉन्टेक्स्ट उघडताना, पुन्हा क्रिएटकनेक्शनला. दोन फेऱ्या, दोन दारं. मूळ सेटिंगमध्ये क्यूवर पाठवायची-घ्यायची परवानगी ‘गेस्ट’ नावाच्या रोलला असते, त्या रोलचा अ‍ॅप्लिकेशन युझर आधी करून ठेवा.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्हएमक्यू या ब्रोकरच्या वेब कन्सोलवर ‘ऑर्डर्स’ क्यू डोळ्यांना दिसते, पण लुकअपला ‘नेमनॉटफाउंडएक्सेप्शन’ येतं. असं कसं?

कारण तुम्ही विचारताय ते ब्रोकरला नाहीच. अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिकची ‘डिरेक्टरी’ तुमच्याच प्रोग्रॅममध्ये, तुमच्याच प्रॉपर्टीजमधून उभी राहते. पटत नसेल तर ब्रोकर बंद करा आणि पुन्हा लुकअप करा. फॅक्टरी तरीही मिळेल.

तेव्हा नाव तुम्हीच नोंदवायचं : डावीकडे ‘क्यू.’ लावून तुमच्या कोडमधलं नाव, उजवीकडे ब्रोकरवरचं खरं नाव. नोंदवायचा कंटाळा असेल तर ‘डायनॅमिकक्यूज/ऑर्डर्स’ असं मागा, नोंदीशिवाय मिळेल. पत्ता ‘टीसीपी’चा, पोर्ट नेहमीचं ६१६१६. कन्सोलचं ८१६१ तिथे घालणारे महिन्याला एक तरी भेटतात.

मग जेएनडीआय हवंच कशाला, असंही याच वाचकाने पुढे विचारलंय. एकच ब्रोकर, एकच छोटा प्रोग्रॅम, पत्ता नाहीतरी फाइलमधूनच येणार, तर फॅक्टरी कोडमध्येच सरळ ‘न्यू’ करा. मी तसंच करतो. सेटिंग सांभाळणारी माणसं आणि कोड लिहिणारी माणसं वेगळी असतील, तिथे मात्र जेएनडीआय उपयोगी पडतं. पुढचा प्रश्न त्याच गावचा आहे.

प्रश्न : आयबीएम एमक्यू. अ‍ॅडमिनने नावांची नोंद असलेली ‘बाइंडिंग्ज’ फाइल दिली. डेव्हलपमेंटला चाललं, टेस्ट मशीनवर सगळं फोल्डर कॉपी केलं तर नाव सापडत नाही. कधी सापडलं तर ‘एमक्यूजेबीएनडी’ लायब्ररी लोड होत नाही म्हणतं.

आधी फाइल खरंच गेली का बघा. तिचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणजे लिनक्सवर ती लपलेली असते. ‘सीपी’ला फोल्डरनंतर स्टार देऊन कॉपी केली असेल तर ती मागेच राहिली. साधं ‘एलएस’ही ती दाखवणार नाही, ‘एलएस -ए’ करा. दुसरं, प्रोव्हायडर यूआरएलमध्ये फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो, फाइलचा नाही. इथे डिरेक्टरी म्हणजे अक्षरशः डिस्कवरची डिरेक्टरी. क्लासपाथवर ‘एफएसकॉन्टेक्स्ट’ आणि ‘प्रोव्हायडरयूटिल’ या दोन्ही जार हव्यात.

लायब्ररीचं दुखणं वेगळं. ‘जेएमएसअ‍ॅडमिन’ टूलमध्ये कनेक्शन फॅक्टरी बनवताना ट्रान्सपोर्ट सांगितला नाही, तर तो ‘बाइंड’ धरला जातो, म्हणजे क्यू मॅनेजर (आयबीएम एमक्यूचा ब्रोकर) याच मशीनवर आहे असं समजून थेट मेमरीतून जोडणी. डेव्हलपमेंटला तो तिथेच होता, म्हणून चाललं. टेस्टला तो दूर आहे. अ‍ॅडमिनला सांगून ट्रान्सपोर्ट ‘क्लायंट’ करून घ्या आणि होस्ट, पोर्ट (बहुतेक ठिकाणी १४१४) व चॅनल भरून घ्या. फाइल टेक्स्टमध्ये दिसते म्हणून हाताने बदलायला जाऊ नका.

यानंतर २०३५ हा एरर कोड आला तर आनंद माना. पत्ता बरोबर निघाला, फक्त परवानगी नाही. २५३८ म्हणजे होस्टपर्यंतच पोचला नाहीत, २०८५ म्हणजे क्यू मॅनेजरवर त्या नावाची क्यूच नाही.

प्रश्न : एक्सेप्शन काही नाही, पण रिसीव्हवर प्रोग्रॅम थिजून बसतो. क्यूत मेसेज आहेत.

कनेक्शनवर ‘स्टार्ट’ म्हटलं नाहीत. जुन्या पद्धतीच्या जेएमएसमध्ये (जेएमएस म्हणजे जावाने क्यूशी बोलायची ठरलेली रीत) कनेक्शन थांबलेल्या अवस्थेतच जन्माला येतं. पाठवायला स्टार्ट लागत नाही, म्हणून पाठवणारा कोड कॉपी करून घेणारा कोड बनवला की हे हमखास होतं. आणि काम झाल्यावर कनेक्शन क्लोज करा, नाहीतर त्याचे थ्रेड मागे राहून मेन संपली तरी जेव्हीएम सुटत नाही.

प्रश्न : सर्व्हर नवा केल्यापासून लुकअपनंतर ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ येतं. फॅक्टरीला फॅक्टरी म्हणायला तयार नाही.

जकार्ता ईई (सर्व्हरवरच्या जावाचं मानक) ९ पासून, म्हणजे २०२० पासून, जेएमएसच्या पॅकेजचं ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ झालं. क्लायंटच्या जार आणि तुमचे इम्पोर्ट एकाच बाजूचे ठेवा. उत्साहाच्या भरात ‘जावाएक्स.नेमिंग’ मात्र बदलू नका, ते जेडीकेचं आहे आणि तसंच राहिलंय.

प्रश्न : डिसेंबर २०२१च्या लॉग४शेल या सुरक्षेतल्या भोकानंतर आमच्या सिक्युरिटी टीमने जेएनडीआयच बंद करायला सांगितलंय. क्यूचं काय करू?

त्या वेळी घोटाळा झाला तो लॉगमध्ये आलेला परक्याचा मजकूर लुकअपला दिला गेला म्हणून. परक्याने सांगितलेल्या पत्त्यावरून आणलेली चिठ्ठी आपण उघडून चालवली. तुमच्या क्यूचं नाव आणि प्रोव्हायडरचा पत्ता तुमच्याच सेटिंगमधून येत असतील, तर तो धोका तसा नाही. टीमला तीन गोष्टी दाखवा : लुकअपला जाणारं प्रत्येक नाव कुठून येतं त्याची यादी, लॉग४जेची (ज्यात ते भोक होतं त्या लॉगिंग लायब्ररीची) आवृत्ती, आणि जेडीकेची आवृत्ती. जावा ८ असेल तर ती ८यू१९१ किंवा पुढची हवी, तिथपासून एलडॅप या डिरेक्टरीच्या प्रोटोकॉलमार्फत लांबून क्लास आणणं मुळातच बंद केलेलं आहे. एवढ्यावरही नाहीच म्हणाले, तर तिसऱ्या उत्तरातलं ‘न्यू’ आहेच.